तीनशे सातवा पत्ता

प्रत्येक सुसंस्कृत संस्थेत दोन याद्या असतात, एक खरी आणि एक वापरातली. बिश्केकमधल्या आमच्या कचेरीने या तत्त्वाला शिस्त लावली, याचा मला अभिमान आहे.

शहरातल्या बालवाड्यांची प्रवेशरांग सांभाळणारी वेबसाइट आम्ही चालवतो. तिची मागची बाजू रुबी या संगणकभाषेत लिहिलेली आहे. कुठल्या पानाचा पत्ता काय, हे तिलाच ठाऊक. पुढची बाजू, म्हणजे आईबापांच्या मोबाइलवरची बटणं, जावास्क्रिप्टमध्ये. तिला त्याच पत्त्यांची नक्कल लागते. ही नक्कल यंत्र एका आज्ञेसरशी दीड सेकंदात काढून देतं, आणि चुकत नाही. (हाच त्याचा दोष.) कारण आमच्याकडे चौदा वर्षं ती तुरातबेक बाइके हाताने टंकतात. बाइके म्हणजे थोरला भाऊ, आणि थोरल्याचं काम दीड सेकंदात उरकून दाखवणं आमच्यात बसत नाही.

वसंतात जिबेक नावाची नवी मुलगी रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने ती आज्ञा सगळ्यांदेखत चालवली. आम्ही खिडकीबाहेर बघू लागलो. मग बैठक बसली, तळलेले बोरसोक आले आणि एकमताने ठरलं: यंत्राने दर सोमवारी यादी काढावी, ती छापावी आणि बाइकेंनी त्यावरून टंकावी. जिबेकनेही सही केली. (मीही केली. बोरसोक गरम होते.)

चारशे बारा पत्त्यांत आठवड्याला सरासरी नऊ चुका, म्हणजे अचूकता जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांना अहवालात 'मानवी स्पर्श' म्हणतात.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी जिबेकच्या मुलीचा, आयचुरेकचा, नंबर लागला. तीन दिवसांत 'जागा मान्य' हे बटण दाबायचं, नाहीतर जागा पुढच्याला. जिबेकने दाबलं. काहीच झालं नाही. त्या पानाचा पत्ता बदलला होता, आणि टंकलेल्या यादीत अजून जुनाच होता.

ती बाइकेंच्या टेबलापाशी गेली.

"बाइके, तीनशे सातवा पत्ता तेवढा चुकलाय. माझ्या पोरीची जागा जाईल हो."

"चुकलाय तर नीट करू की. तू चहा घे, पोरी. रांगेत आहे तो."

"कसल्या रांगेत?"

"एकपासून सुरू केलंय ना. मधेच उडी मारली तर आधीच्या तीनशे सहांनी काय पाप केलंय?"

लबाडी नव्हती त्यात. मला त्यांचा राग आला नाही, याचीच आता लाज वाटते. जिबेकच्या संगणकावर आज्ञा लिहून तयार होती, फक्त एक कळ दाबायची बाकी होती. तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. तिने हात मागे घेतला आणि चहा घेतला.

बाइके दिवसाला शंभर पत्ते टंकतात. गुरुवारी तीनशे सातवा अगदी बिनचूक झाला. तोवर जागा पुढच्या मुलाला गेली होती. त्याच्या आईचं बटण पहिल्या झटक्यात चाललं, आणि तिने आभाराचं पत्र पाठवलं. ते बाइकेंच्या टेबलामागे लावलं आहे. आयचुरेक आता दूर तालास गावी आजीकडे असते.

त्या तीन दिवसांत ते बटण अकरा हजार वेळा दाबलं गेलं. दोनशे चौदा वेळा एकट्या जिबेकने. अहवालात आम्ही हे 'वाढता लोकप्रतिसाद' या सदरात दाखवलं. तुम्हीही परवा कुठलंसं बटण दाबलंत, काही झालं नाही, म्हणून पुन्हा दाबलंत, आणि कुणाला काही न बोलता फोन खाली ठेवलात. त्याचीही नोंद झाली आहे. सहकार्याबद्दल आभारी आहोत.