बेसमेंटमधला जपान

ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात जपानी ऑडिओ या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारा माणूस नाही! हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. हवं तर कोलंबसपर्यंत शोधून या.

लोकांच्या बेसमेंटमध्ये बार असतो, होम थिएटर असतं, नाहीतर कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल असते. आमच्या बेसमेंटमध्ये जपान आहे. एका भिंतीला सलग टेबलं आणि त्यावर दशकांप्रमाणे मांडणी. सुरुवातीला साठच्या दशकातला, शर्टाच्या खिशात मावणारा ट्रान्झिस्टर. मग सत्तरच्या दशकातला चंदेरी तोंडाचा, लाकडी पेटीतला रिसीव्हर. तो इतका जड आहे, की मागच्या घरातून इथे आणताना दोन मित्रांच्या पाठी गेल्या आणि एक मित्रच गेला. पुढे ऐंशीच्या दशकातलं काळं कॅसेट डेक, स्वतःहून बाजू बदलणारं! मग अगदी सुरुवातीचा सीडी प्लेअर. मग मिनीडिस्क, जिला जपानने डोक्यावर घेतलं आणि बाकीच्या जगाने विचारलं, "हे काय असतं?" आणि शेवटी नव्वदीतली मिनी सिस्टिम. तिचे दिवे लागले, की गणपतीची आरास फिकी पडते.

आणि सगळं चालू! एकूण एक वाजतं!

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष प्रसाद हा माझा लग्नाआधीचा रूममेट आणि लग्नानंतरचा शेजारी. ऑगस्टमध्ये तो चहाला आला आणि म्हणाला, "उल्हास, सप्टेंबरचा वक्ता कॅन्सल झाला यार. तू काहीतरी कर."

मी इतक्या झटकन 'हो' म्हणालो, की त्याचा चहा सांडला. त्याच दिवशी मी निमंत्रणाचा मजकूर लिहिला. चांगला तीन परिच्छेदांचा! पहिल्यात जपानची युद्धोत्तर भरारी, दुसऱ्यात जपानी घरांच्या पातळ भिंती आणि हेडफोन्सचा प्रसार, तिसऱ्यात माझी ओळख. 'ही सर्व जुनी यंत्रं श्री. उल्हास स्वतः चालू करून दाखवतील' असा शेवट.

प्रसाद म्हणाला, "एवढं कोण वाचतं?" आणि त्याने ग्रूपवर एका ओळीत उरकलं: 'जुनी जपानी यंत्रं. रविवारी चार वाजता उल्हास चालू करून देतील. समोसे आहेत.'

'करून दाखवतील'चं 'करून देतील' झालं. मी ते वाचलं आणि सोडून दिलं. म्हटलं, एका शब्दाने काय होतंय!

शनिवारी आमचा मिहीर आला. चाळीस वर्षांचा आहे, शिकागोत असतो. कार्यक्रमाचं ऐकून त्याला वडिलांबद्दल अचानक प्रेम आलं आणि तो दिवसभर वायरी घेऊन घरभर फिरत होता. मी भाषणाची प्रॅक्टिस करत असताना मागून म्हणाला, "डॅड, पॅटिओवर दोन स्पीकर्स लावलेत. तुझ्या त्या सिल्व्हर रिसीव्हरच्या बी वर आहेत, ओके?"

"ओके, ओके," मी म्हणालो. मी तेव्हा मिनीडिस्कच्या जन्मापाशी होतो. माझं लक्ष कुठे असणार!

रविवारी पावणेचारलाच बेल वाजली. दारात प्रीतावहिनी. हातात टोस्टरएवढा रेडिओ.

"भावजी, हा कडकड करतो फक्त. किती वेळ लागेल? तोपर्यंत मी भाजी घेऊन येते."

मी काही बोलायच्या आत मागून डॉक्टर अमित आले. आयुष्यभर लोकांची हृदयं उघडली त्यांनी. त्यांनी रुमालात गुंडाळलेला कमरेला लावायचा कॅसेट प्लेअर माझ्या तळहातावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पल्स लागत नाहीये."

मग रांगच लागली! डबल कॅसेटवाले, पाच सीडींचे चेंजर, अँटेना मोडलेले, झाकण नसलेले. एका गृहस्थांनी तर राइस कुकर आणला होता. "जपानीच आहे ना?" म्हणाले. बारा माणसं येतील असा माझा अंदाज होता. आली चाळीस! आणि प्रत्येकाच्या कडेवर एकेक आजारी यंत्र! आमचा ड्राइव्हवे म्हणजे सरकारी दवाखान्याची ओपीडी झाला.

"अहो, मी दुरुस्त करणार नाहीये, दाखवणार आहे!" मी ओरडलो.

"दाखवा की! आधी दुरुस्त करा, मग दाखवा!" प्रीतावहिनी.

माझी बायको उत्तरा ही आमच्या घरातली एकमेव व्यवहारी व्यक्ती. तिने सगळ्यांना मागच्या पॅटिओवर बसवलं, समोसे पुढे केले आणि माझ्या कानात म्हणाली, "तुमच्या त्या जपानी पाहुण्यांना बोलवा आता. तेच काहीतरी करतील."

हे पाहुणे म्हणजे हायाशी-सान. दोन घरं सोडून राहतात, गाड्यांच्या कामासाठी ओहायोत आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले होते, "मी तीस वर्षं साउंडमध्ये काम केलं." एवढं मला पुरलं! मी सगळ्या मंडळात सांगून ठेवलं होतं, की जपानमधले एक मोठे ध्वनितज्ज्ञ खास येणार आहेत.

हायाशी-सान आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा सुबक डबा. त्यांनी वाकून नमस्कार केला, तर चाळीस यंत्रं त्यांच्याकडे आशेने बघत होती. प्रसादने अदबीने विचारलं, "सर, साउंडमध्ये तुमचं नेमकं काम काय?"

"गाडीचं दार लावताना आवाज येतो ना," हायाशी-सान म्हणाले, "तो कमी करायचो."

"आणि घरी गाणी कशावर ऐकता?"

"फोनवर."

प्रसादने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

पण मी हार मानणारा नव्हे! चाळीस जणांना समोसे खाऊ देत, निदान एका माणसाला तरी मी नीट दाखवणारच, असं ठरवून मी हायाशी-सानना हाताला धरून बेसमेंटमध्ये नेलं.

आणि काय सांगू! तो माणूस पायरीवरच थबकला. चंदेरी रिसीव्हरपाशी जाऊन त्यांनी आवाजाचं मोठं बटण दोन बोटांनी हळूच फिरवलं. "माझ्या थोरल्या भावाकडे हाच होता," ते म्हणाले. "आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती."

मी म्हणालो, "लावा! दोन्ही हात लावा! आज तुम्हाला यावर भारतीय राग ऐकवतो."

आता टेप कुठली लावायची? माझ्या आवडत्या कॅसेटी वाजवून वाजवून झिजल्या आहेत. मला हवी होती कोरी करकरीत. खोक्याच्या तळाशी सापडली! वर उत्तराच्या अक्षरात 'मारवा, संथ आलाप' असं लिहिलेलं. मारवा मला झेपत नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत मी ती एकदाही लावली नव्हती. म्हणजे टेप नवी! शिवाय पाच वाजत आलेले, मारव्याची वेळ जवळ आलेली. योग म्हणतात तो हाच!

मी हायाशी-सानना खुर्चीत बसवलं, त्यांच्या कानावर माझे सगळ्यात भारी हेडफोन चढवले, आणि बेसमेंटमधले स्पीकर बंद करण्यासाठी रिसीव्हरचं बटण फिरवलं. बंद, ए, बी, असं त्यावर लिहिलेलं असतं. माझा चष्मा वर घरात राहिला होता. बेसमेंट शांत झालं एवढं मी पाहिलं आणि टेप सुरू केली.

हायाशी-साननी डोळे मिटले. मान हलू लागली. मी हाताची घडी घालून समोर उभा. वरून हसण्याचा मोठा आवाज आला. म्हटलं, प्रसाद विनोद सांगतोय. पुन्हा हसणं, या वेळी टाळ्यांसकट! म्हटलं, समोसे चांगले झालेत.

मग माझी नजर रिसीव्हरच्या काचेआडच्या सुयांवर गेली. संथ आलापात सुया कशा, डोलतात. या टकाटक उड्या मारत होत्या! कुणीतरी तावातावाने बोलत असल्यासारख्या.

तेवढ्यात मिहीर जिन्यावरून धडधडत खाली आला. "डॅड! हू इज दॅट गाय ऑन द टेप? साउंड्स लाइक यू, बट, लाइक, व्हेरी स्क्वीकी!"

"कुठली टेप? ती तर हेडफोनवर..."

"नो! यू पुट इट ऑन बी! इट्स ऑन द पॅटिओ! एव्हरीबडी इज लिसनिंग!"

मी डेकच्या बंदच्या बटणावर झेप घेतली. हायाशी-साननी डोळे न उघडता माझं मनगट धरलं. "प्लीज," ते म्हणाले. त्या 'प्लीज'मध्ये इतकी आर्तता होती, की मी बटण सोडलं. मी जिन्याकडे धावलो.

पॅटिओवर चाळीस माणसं मांडीवर रेडिओ घेऊन बसली होती, आणि झाडाखालच्या स्पीकरमधून अठ्ठावीस वर्षांचा मी बोलत होतो. आवाज चिरका, उत्साह ओसंडून वाहणारा!

मला तत्काळ आठवलं. १९७९! तेव्हा फोन महाग, म्हणून मी साताऱ्याला आईला कॅसेटवर पत्रं पाठवायचो.

"...आई, उत्तरा इथे रुळतेय. रवा मिळत नाही म्हणून ओटमीलचा उपमा करते. उरलेल्या उपम्याने मी काल किचनमधला वॉलपेपर चिकटवला. अजून निघालेला नाही!"

हशा! उत्तरा चटणीचा डाव हातात धरून उभी होती. ती हसत नव्हती.

"...प्रसाद तुला नमस्कार सांगतो. तो आंघोळीला गाणं म्हणतो, तेव्हा खालचे लोक पाइप फुटला म्हणून तक्रार करतात..."

"अरे!" प्रसाद उठून उभाच राहिला. "म्हणून तो मॅनेजर दोनदा प्लंबर घेऊन आला होता!"

"...आणि एक गंमत. मी जपानी रिसीव्हर घेतला! उत्तराला सोफा हवा होता. तिला सांगितलंय, की कंपनीने उत्कृष्ट इंजिनिअर म्हणून बक्षीस दिला. तू काही बोलू नकोस हं!"

कुणी हसलं नाही. ऐंशी डोळे माझ्यावरून उत्तराकडे गेले, आणि पुन्हा माझ्याकडे आले. सेहेचाळीस वर्षं मी ही बक्षिसाची गोष्ट सांगत आलोय! मंडळाच्या स्मरणिकेतसुद्धा छापून आणली आहे!

मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्पीकरमधून 'खट्' असा आवाज आला. डेकने बाजू बदलली. स्वतःहून.

थोडी खरखर. मग कुणीतरी घसा साफ केला.

"उत्तरा, ही मी बोलतेय. हे फक्त तुझ्यासाठी. त्याला ऐकवू नकोस."

आई! माझी आई! तिला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, आणि ती ओहायोतल्या माझ्या पॅटिओवर घसा खाकरून बोलत होती. मागे कुणाची तरी सायकलची घंटा वाजली. मला खुर्ची सापडेना.

"मॉम, टर्न इट ऑफ?" मिहीरने हळूच विचारलं.

"नको," उत्तरा म्हणाली. "राहू दे. सगळं ऐकू दे त्यांना."

"दिवटा काय म्हणतोय ते ऐकलंस ना मागच्या बाजूला? ते बक्षीस-बिक्षीस काही नाही. पण तू भांडू नकोस. उघडं पडलं, की एक दिवस रडेल आणि सुटेल. त्यापेक्षा तुला काही हवं असलं, की त्या पेटीकडे बघ आणि म्हण, किती छान बक्षीस मिळालं हो तुम्हाला! त्याचे कान लाल होतील आणि तो हवं ते करेल. आणि उपम्यात ताक घालून बघ. चिकट होणार नाही."

एवढंच. मग नुसती खरखर.

माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात हिशोब चालू होता. डिशवॉशर आला, तेव्हा ती हेच म्हणाली होती! तिच्या बहिणीकडे नागपूरला दीड महिना गेलो, तेव्हा! किचन दोनदा नवीन केलं, तेव्हा दोन्ही वेळा! आणि मी मूर्ख, दर वेळी छाती फुगवून 'हो ना!' म्हणत होतो.

"अगं, तुला... पहिल्यापासून..."

"तुम्ही ऑफिसला गेला होतात, तेव्हा साताऱ्याहून ही कॅसेट परत आली," उत्तरा म्हणाली. "मारवा तुम्हाला आवडत नाही. म्हणून वर मारवा लिहिलं." मग तिने डाव खाली ठेवला. "पण आवाज ऐकलात ना? अगदी तसाच्या तसा आहे हो. मी किती वर्षांत लावलीच नव्हती."

तिने पदराने डोळे पुसले. माझेही पुसले. चाळीस माणसांसमोर!

"वन्स मोअर!" डॉक्टर अमित ओरडले. प्रीतावहिनी नाक शिंकरत म्हणाल्या, "भावजी, माझ्या माहेरचीसुद्धा अशीच एक कॅसेट आहे हो. तुमच्या यंत्रावर लागेल?" मग एकदम चार-पाच जण बोलायला लागले. कुणाकडे आजोबांची होती, कुणाकडे बारशाची. दुरुस्तीचं सगळे विसरले! 'पुढच्या रविवारी कॅसेटी घेऊन या' असं प्रसादने जाहीरही करून टाकलं. फक्त माझ्याकडे न बघता.

तेवढ्यात बेसमेंटच्या जिन्यातून हायाशी-सान वर आले. डोळे ओले. केसांवर हेडफोनची खूण. मराठीचा एक शब्द न कळता त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. ते माझ्यासमोर कमरेपासून वाकले.

"अप्रतिम राग," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या बाजूच्या बाई फार मोठ्या कलाकार आहेत."

"हो," मी म्हणालो.

"आधी जो पुरुष होता," त्यांनी जरा संकोचून विचारलं, "तो त्यांचा शिष्य असावा. अजून बरंच शिकायचं आहे त्याला."

"चौऱ्याहत्तरचा झालाय," मी म्हणालो. "पण क्लास चालू आहे."