चालू स्थितीतील हार्ड डिस्कबाबत

दिनांक २ मार्च १९९८ रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास, आमच्या साताऱ्यातील राहत्या घरी, पुढच्या खोलीतील कॉम्प्युटरच्या पेटीतून टक-टक असा आवाज येत असल्याचे निदर्शनास आले. निदर्शनास आणून देणारी व्यक्ती माझी मुलगी साक्षी, वय सोळा. मी त्या वेळी चहा पीत होतो. आवाजाची नोंद घेतली आणि चहा संपवला.

मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद चुकीच्या मार्गाने पुढे गेलेला नाही. काही कागद पुढेच गेलेले नाहीत, पण चुकीच्या मार्गाने एकही नाही. माझी पत्नी शालन म्हणते की मी कचेरी घरी आणतो. हे खरे नाही. घर मी कचेरीच्या धर्तीवर चालवतो, एवढेच. गॅसचे सिलिंडर कधी लावले याची आमच्याकडे नोंदवही आहे आणि दर महिन्याला मी तिच्यावर सही करतो.

कॉम्प्युटर जुनाच घेतलेला. शालनचा धाकटा भाऊ महेंद्र सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान चालवतो. तिथल्या एका क्लासने नवी यंत्रे घेतली तेव्हा जुन्यांतले एक त्याने आमच्यासाठी मांडीवर घेऊन एसटीने साताऱ्याला आणले. मी त्यावर अर्जांचे नमुने टाइप करीत असे. साक्षीने मात्र त्यात आमच्या आण्णांना उतरवून घेतले.

आण्णा म्हणजे माझे वडील. माधवनगरच्या गिरणीत बत्तीस वर्षे मागावर उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर. दोन-तीन वर्षांपासून त्यांना विसरायला होऊ लागले. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग शेजाऱ्यांची नावे. हे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा साक्षीने दोन उन्हाळी सुट्ट्या त्यांच्यासमोर बसून त्यांची सगळी हकीकत टाइप केली. एकशे बारा पाने झाली. रोज संध्याकाळी ती पडद्यावरून दोन-तीन पाने वाचून दाखवी आणि आण्णा स्वतःचेच आयुष्य पहिल्यांदा ऐकावे तसे ऐकत. "मंग? फुडं काय झालं?" असे विचारीत. त्या अर्ध्या तासात ते पूर्वीचे आण्णा असत.

ही पाने अजून छापलेली नव्हती. मसुदा तपासल्याशिवाय स्वच्छ प्रत काढू नये, असा नियम आहे. तपासणी माझ्याकडे होती आणि मी तिसऱ्या प्रकरणावर थांबलो होतो. त्या प्रकरणात आण्णा ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपूरला निघतात. रजेचा अर्ज देतात. मंजुरी सोमवारी मिळेल, असे कारकून सांगतो. दीक्षा रविवारी असते. आण्णा गुरुवारीच मिरजेहून गाडीत बसतात. त्याखाली मी टाइप केले होते : 'रजा मंजूर नसताना प्रस्थान. संबंधिताकडून खुलासा घ्यावा.' चौदा महिने झाले तरी खुलासा आलेला नव्हता. काय विचारले आहे, ते आण्णांना पाच मिनिटांनी आठवत नसे.

आठ तारखेच्या रविवारी महेंद्र आला. पेटीला कान लावून त्याने आवाज ऐकला आणि पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली नवी डिस्क काढली.

"दाजी, जुनी चालली बघा. लय तर पंधरा-वीस दिवस. दोनी जोडतो, जुन्यातलं नव्यात उतरवतो. दोन तासांचं काम हाय."

"जुनी सध्या चालू आहे की बंद?"

"चालू हाय म्हणून तर उतरवायचं."

"चालू वस्तू निकामी ठरवता येत नाही," मी सांगितले. "आणि निकामी ठरवल्याशिवाय तिच्या जागी नवी घेता येत नाही. निकामी असल्याचा दाखला देतोस?"

"निकामी कशी? चालतीया की अजून."

"मग बदलायची कशाला?"

महेंद्रने शालनकडे पाहिले. शालनने छताकडे पाहिले.

"आन् बंद पडल्यावर?" त्याने विचारले.

"तेव्हा लगेच. एक दिवसही विलंब होणार नाही."

"तवा तिच्यातनं उतरवायला काय ऱ्हाणार न्हाई, दाजी."

"तो वेगळा विषय आहे. त्याची वेगळी टिपणी लागेल."

"अवं, माझा भाऊ हाय त्यो," शालन म्हणाली. "कुणी परका हाय का?"

"तीच तर अडचण आहे. नात्यातल्या माणसाकडून थेट वस्तू घेतली तर लोक काय म्हणतील?"

"कंचं लोक?"

याचे उत्तर मी लेखी देईन, असे सांगितले. नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवायचे ठरले : सातारा, सांगली आणि कराड. महेंद्रने नवी डिस्क आमच्या शोकेसमध्ये ठेवली. "मन झालं की फोन करा," म्हणाला आणि जेवून गेला. ती डिस्क तिथे बावीस दिवस होती. कॉम्प्युटरपासून तिचे अंतर चार हात भरले असते.

त्याच आठवड्यात साक्षी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, डिस्क राहू दे. मला एक फ्लॉपी द्या. आण्णांचं सगळं एका फ्लॉपीत बसतंय."

फ्लॉप्या माझ्या कपाटात होत्या, कुलपात, दहा नग. मी लेखी मागणी करायला सांगितले. तिने केली. मसुदा निर्दोष होता. रक्ताचा गुण म्हणायचा. मी वर लिहिले, 'चर्चा करावी.' हे दोन शब्द लिहिले की कागद नाकारला जात नाही आणि मंजूरही होत नाही. तो विश्रांती घेतो. साक्षी चर्चेसाठी तीनदा आली. मार्चअखेर असल्याने तिन्ही वेळा मी कामात होतो. चौथ्यांदा ती मैत्रिणीची फ्लॉपी घेऊन आली, तेव्हा बाहेरून व्हायरस येईल म्हणून मी कॉम्प्युटरच्या फ्लॉपीच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, लाख लावली आणि सही केली.

दरपत्रकांची सूचना मी त्याच कॉम्प्युटरवर टाइप केली, तीन प्रतींत छापली. मग स्मरणपत्र. मग कराडच्या दुकानदाराने पाकिटावर विषय लिहिला नव्हता म्हणून त्याला खुलासापत्र. प्रत्येक पत्रागणिक टक-टक वाढत गेली. ही बाब गंभीर असल्याने मी एक आदेश काढला : हार्ड डिस्कवर ताण येऊ नये यासाठी संध्याकाळचे वाचन पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात येत आहे. या आदेशाच्याही तीन प्रती काढल्या.

आण्णांना आदेश कळला नाही. ते रोज दिवेलागणीला येऊन आपल्या खुर्चीत बसत आणि कव्हर घातलेल्या कॉम्प्युटरकडे बघत राहत. "आज वाचत न्हाईस व्हय गं?" असे साक्षीला विचारीत. ती माझ्याकडे बघे. मी वर्तमानपत्रात बघे. थोड्या वेळाने आण्णा उठून जात. पुढेपुढे त्यांनी विचारणे सोडले, आणि मार्चच्या चौथ्या आठवड्यात साक्षीला ते माझ्या आत्याच्या नावाने, मनू म्हणून, हाका मारू लागले.

एकोणतीस मार्चला घरच्या खरेदी समितीची सभा झाली. सदस्य मी, शालन आणि साक्षी. शालनने पोळ्या लाटता लाटता मत दिले, ते इतिवृत्तात घेण्यासारखे नव्हते. मी तिन्ही दरांचा तुलनात्मक तक्ता टाइप करून साठवला. त्याच क्षणी टक-टक थांबली. आवाज बंद झाला म्हणून मला प्रथम बरे वाटले.

महेंद्र दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आला. त्याने आधी माझ्या लाखेत पेचकस घातला आणि सील फोडले. मग पेटी उघडून अर्ध्या तासात नवी डिस्क बसवली. मंजुरी कुणी मागितली नाही, मीही काढली नाही. जुन्या डिस्कशी तो दिवसभर झुंजला. दुपारनंतर ती दहा मिनिटे जागी झाली आणि तिच्यातून अकरा फायली निघाल्या. महेंद्र एकेक नाव वाचत गेला. सूचना, स्मरणपत्र, खुलासापत्र, तुलनात्मक तक्ता, वाचन बंद ठेवण्याचा आदेश. अकराही माझ्या. आण्णांची एक ओळ आली नाही.

"आता द्या दाखला," महेंद्र म्हणाला. "झाली निकामी."

साक्षी रडली नाही. लाखेचे तुकडे खाली पडले होते ते तिने गोळा केले. "मला फोडता आलं असतं हे," ती म्हणाली. "तुमची सही होती म्हणून नाही फोडलं." आणि आत गेली. बावीस वर्षे मी ती सही जपली. त्या दिवशी मला तिची लाज वाटली.

संध्याकाळी आण्णा येऊन खुर्चीत बसले. साक्षी बाहेर आली नाही, म्हणून मी समोर बसलो.

"आज मी सांगतो, आण्णा," असे म्हणालो खरा, पण सांगायचे काय? ती पाने मी चुका काढण्यासाठी वाचली होती. चुका तेवढ्या लक्षात होत्या. "तुम्ही दीक्षेला नागपूरला गेला होतात."

"मी गेलतो व्हय?"

"हो. रजा मंजूर नव्हती. तरी गेलात."

आण्णांनी विचार केला. "मंजुरी कवा मिळणार हुती?"

"सोमवारी."

"आन् दीक्षा?"

"रविवारी."

"मंग सोमवारी ती मंजुरी घिऊन काय करायचं हुतं रं?"

चौदा महिने प्रलंबित असलेला खुलासा असा मिळाला. तो मला पूर्णपणे समाधानकारक वाटला. आण्णा त्या गुरुवारी गाडीत बसले नसते, तर त्यांच्या घरात शाळेचे वेड शिरले असते की नाही कोण जाणे. मी तरी कुणाच्या अर्जावर शेरे मारण्याइतका शिकलो नसतो. आण्णा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत पूर्वीची चमक आली होती.

"मंग? फुडं काय झालं?"

पुढचे मला आठवत नव्हते. पुढे काही चूक नव्हती.

नवी डिस्क उत्तम चालते. तिच्यात माझ्या अकरा फायली आहेत आणि हा मजकूर बारावा. साक्षी आता आण्णांसमोर वही घेऊन बसते. कधी चार ओळी मिळतात, कधी नुसतेच "मनू, बस गं" एवढे. बसताना ती मला विचारीत नाही.

वाचकांना माझा राग आला असल्यास त्यांनी तो योग्य मार्गाने नोंदवावा. तत्पूर्वी एक आठवून पाहावे. तुमच्याही घरात कुणीतरी जेवताना "आमच्या वेळी काय झालं माहितीय का" अशी सुरुवात केली असेल, आणि तुम्ही "रविवारी निवांत ऐकतो" म्हणाला असाल. आमच्या कचेरीत त्यालाच 'चर्चा करावी' म्हणतात. त्या कागदावर सही तुमची आहे, माझी नाही.