खुशालच्या दुकानातला दुसरा स्वप्निल

ओळख काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! सावंगीच्या दवाखान्यात मी बिलाच्या खिडकीवर बसतो. अर्धा जिल्हा त्या खिडकीत वाकून मला नमस्कार करून गेलाय. कोणाला मंगल कार्यालय पाहिजे, कोणाला रेल्वेचं तिकीट, "स्वप्निलले सांगा" म्हटलं की विषय संपला! म्हणून रुपेशचा फोन आला, तेव्हा मी त्याला पूर्ण बोलूही दिलं नाही. "झालं समजा!" म्हणून मोकळा झालो.

रुपेश म्हणजे मेघाचा मोठा भाऊ. आणि मेघा म्हणजे, आता कसं सांगू! पाहायला गेलो तेव्हा तिच्याकडे बघता बघता मी चहा कपातून थेट शर्टात घेतला. ती हसली आणि मी कामातून गेलो. तिलाही मी पसंत होतो. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. सेलूचे प्रेमदास गुरुजी! निवृत्त हेडमास्तर, दारूबंदी समितीचे अध्यक्ष. मेघाची आधीची दोन स्थळं, एक अंकित आणि एक नागसेन, चांगली नोकरीवाली पोरं, "मुलगा पितो" एवढ्या एका वाक्यावर त्यांनी घालवली होती. मला मात्र चिंता नव्हती. मी साधा सोडा प्यालो तरी तासभर ठसका लागतो!

पण गुरुजी होही म्हणत नव्हते. मग रुपेशनं बंगळुरूहून सौदा टाकला. "बाबांना मी पटवतो. शनिवारी नागपूरला येतोय. तुम्ही फक्त 'अवस' घेऊन या!"

अवस ही बीअर आहे, बरं का. साधीसुधी नाही. नागपूरकडे कोणीतरी हौशी माणूस मोहफुलं आणि संत्र्याची सालं घालून छोट्याशा भट्टीत बनवतो. महिन्यातून एकदाच, मोजक्याच बाटल्या. त्या दुकानाच्या फळीवर कधी दिसतच नाहीत. दुकानदार त्या खाली लपवतात आणि आपल्या पर्मनंट गिऱ्हाइकांना गुपचूप काढून देतात. आमच्या जिल्ह्यात तर दारूबंदी, त्यामुळे दुकान गाठायचं ते हद्दीपलीकडचं. नागपूर रोडवरचं खुशालचं.

मे महिन्यातला शनिवार. दुपारची वेळ. तोंडाला दुपट्टा, डोळ्यांवर गॉगल, वर हेल्मेट, असा मी निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर वितळून टायरला चिकटत होतं. लहानपणी आई बजावायची, "भर दुपारी एकट्यानं शिवारात जाऊ नोको, थे फिरत असतात." ते म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी मला ते फार आठवत होतं.

हद्दीची पाटी मागे पडली. पुढे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीआड टिनाचं शेड. बोर्ड नाही, काही नाही. बाहेर मोटरसायकलींची ही रांग, आणि आतून हूं की चूं नाही! एवढी माणसं आली आणि गेली कुठं?

मी आत पाऊल टाकलं. उन्हातून आल्यामुळे डोळ्यांपुढे नुसता काळोख. कुठंतरी कूलरमधून पाणी टपकत होतं. हळूहळू नजर बसली. माणसं आतच होती! ओळीनं उभी. आणि एकालाही तोंड नव्हतं!

सगळ्यांची डोकी दुपट्ट्यांत गुंडाळलेली. डोळ्यांच्या जागी काळे गॉगल. कोणी बोलत नव्हतं, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी शेजारच्याला हळूच विचारलं, "भाऊ, रांग इथूनच का?" त्यानं सावकाश मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि तितक्याच सावकाश परत फिरवली. मला दरदरून घाम फुटला.

मग डोक्यात प्रकाश पडला. अरे, हे तर सगळे आपल्याच जिल्ह्यातले! कोणी कोणाला ओळखू नये म्हणून गुंडाळलेले. उन्हाळ्यात कोणाला संशयही येत नाही. मला जरा हुशारी आली.

समोर लोखंडी जाळी होती. तिच्यामागे खुशाल. त्याचेही नुसते हातच दिसत होते. एकेक जण जाळीपाशी जायचा, कुजबुजत नाव सांगायचा, हात खाली जायचे आणि पेपरात गुंडाळलेली काळी बाटली वर यायची. पुढचा. परत तेच.

माझा नंबर आला.

"अवस आहे का?"

हात थांबले. मागच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, हे मला न बघताच कळलं.

"थे पर्मनंटलेच भेटते," जाळीमागून आवाज आला. "नाव सांगा."

नाव! जिल्हाभर ओळखी असलेला मी, मला एक नाव आठवेना! खरं सांगावं तर आम्ही कुठले पर्मनंट? दिवसरात्र ज्या नावानं झोप उडवली होती, तेच घशातून बाहेर पडलं.

"प्रेमदास."

मेलो, म्हटलं! पण हात बिनदिक्कत खाली गेले.

"सेलूचे ना? गुरुजी, इतका टाइम काऊन लावला? तुमची कवाची काढून ठेवली!" बाटली माझ्या हातात. थंडगार. काळ्या लेबलवर चित्र नाही, काही नाही, फक्त 'अवस'.

गुरुजी? इथं? पर्मनंट? तेवढ्यात मागचा पुढे सरकला आणि पुटपुटला, "प्रेमदास. सेलू."

"घ्या!" खुशाल वैतागला. "सेलूचे समदे प्रेमदासच हायेत का जी?"

मी दुपट्ट्यात हसलो. म्हणजे असं होतं तर! दारूच्या दुकानात नाव विचारलं की कोणावरही संशय येणार नाही असं नाव द्यायचं. आणि सेलूत त्यासाठी गुरुजींइतकं सोयीचं नाव दुसरं कोणाचं? बिचारा सज्जन माणूस, खुशालचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होऊन बसला होता, आणि त्याला पत्ताच नाही!

हसत हसत मी दाराकडे वळलो. आणि मागून एक कोरडा, खालच्या पट्टीतला आवाज आला.

"स्वप्निल. हिंगणघाट."

माझं नाव. माझं गाव!

"या, या स्वप्निलभाऊ!" खुशालचे हात लगबगीनं खाली गेले. "सावंगीच्या नोकरीले दांडी मारली का आज? खिडकी कोन पाह्यते? अन् लग्नाचं काय झालं?"

"चालू आहे," ती आकृती म्हणाली.

माझ्याच उंचीची. तशीच बारीक. पांढरा दुपट्टा, काळा गॉगल. खरं सांगतो, त्या क्षणी मी स्वतःच्या हाताला चिमटा काढून पाहिला. तिथं जाळीपाशी स्वप्निल उभा होता, त्याची नोकरी होती, त्याचं लग्न जमत होतं. मग इकडे बाटली धरून उभा होता तो कोण? हे राम!

आकृती बाटली घेऊन माझ्या खांद्याला घासून बाहेर गेली. मी परत जाळीपाशी जाऊन कसाबसा म्हणालो, "हा, हा नेहमी येतो?"

"येते ना गुरुजी. लई गुनी पोरगा." खुशालनं आवाज खाली आणला. "पन मले भेव वाटते. याच्या पयले असाच एक अंकित येत जाये. थो बी म्हने, लग्नाचं चालू हाये. एक दिवस एकदम बंद! मंग नागसेन आला. सेम बोलनं, सेम दुपट्टा. थो बी गायब! पुन्हा कोनालेच दिसले नाई. आता या स्वप्निलचे बी दिवस भरत आले असं वाटून राह्यलं."

अंकित! नागसेन! मेघाला पाहून गेलेली तीच दोन पोरं! आणि आता माझा नंबर! मी धावतच बाहेर पडलो.

बाहेर ऊन आणि लूच्या गरम वाऱ्याचा घोंघावता आवाज. बाभळीखाली ती आकृती स्कूटरला किका मारत होती. स्कूटर सुरू होत नव्हती. आकृती थांबली आणि माझ्याकडे बोट करून तिनं हाक मारली.

"जरा धक्का देता का?"

आता ती दमली होती, आणि दमल्यावर खरा आवाज बाहेर पडला. हाच आवाज मला मेघाच्या घरी बैठकीत म्हणाला होता, "काही व्यसन?"

"गु... गुरुजी?"

आकृती सावकाश वळली. गॉगलमध्ये मला माझाच गॉगल दिसला.

"गुरुजी तर तुम्ही आहात," ती थंडपणे म्हणाली. "आत तुम्हीच सांगितलं. मी ऐकलं. मी स्वप्निल."

दुपट्टा त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही. आता मला आतून राग चढायला लागला होता.

"बरं, स्वप्निलराव," मी म्हणालो. "पेपरात काय गुंडाळून नेता?"

"खोकल्याचं औषध."

"अंकितला अन् नागसेनलाही खोकलाच होता का?"

मग हेडमास्तरांचा ताठ खांदा एकदम खाली आला.

"काय सांगू बापा! घरात दिवसभर ज्या पोराचं नाव चालू असते, थेच तोंडात येते. मले काय मालूम, समितीची मानसं पोराची चौकशी कराले इथंच येतात म्हून! खुशाल म्हनते, हो, अंकित पर्मनंट गिऱ्हाईक हाये. रिपोर्ट येते कोनाकडे? अध्यक्षाकडे! भर मीटिंगमधी वाचतात. म्या कसा म्हनू का हे खोटं हाये?"

"म्हणजे उद्या स्वप्निलचाही रिपोर्ट येणार?"

"सकाळीच आला."

माझ्या डोळ्यांपुढे मेघा उभी राहिली. ती हसली होती तशी. आणि मला एकदम रडूच फुटलं! दुपट्ट्यात नाक गळायला लागलं. "अहो, मला ती मुलगी आवडते हो! तुमच्या या औषधापायी तिची तिसरी सोयरीक मोडणार! तिनं जन्मभर घरात बसायचं का?"

गॉगल काढून गुरुजींनी दुपट्ट्याच्या टोकानं पुसला आणि परत लावला. पोरीचं नाव काढल्यावर म्हातारा हलला होता, हे मला दिसलं. मग मला कुठून धाडस आलं कोणास ठाऊक. मी छाती काढली.

"ऐका, स्वप्निलराव! मी प्रेमदास गुरुजी, अध्यक्ष, दारूबंदी समिती. मी माझी मेघा तुम्हाला दिली! बोला, पसंत आहे?"

दारात पाच-सहा गुंडाळलेली डोकी येऊन मुकाट उभी राहिली होती. गुरुजी त्यांच्याकडे पाहून हादरले. मग, काय सांगू, माणूस हेडमास्तर उगीच झाला नव्हता! त्यांनी चटकन वाकून माझ्या पायाला हात लावला.

"उपकार झाले, गुरुजी! मी स्वप्निल, हिंगणघाटचा, सगळ्यांसमोर कबूल करतो. मी पीत होतो. भरपूर पीत होतो. तुमच्या पायाची शपथ, आजपासून सोडली!"

"अहो पण..." मी म्हणालो.

"आता पण नाही, गुरुजी. तुम्ही शब्द दिलाय." आणि माझ्या हातातली बाटली त्यांनी अलगद काढून घेतली. "हे असलं काही तुमच्यासारख्या अध्यक्षाच्या हातात शोभत नाही."

दोन्ही बाटल्या डिक्कीत गेल्या. इतका वेळ अडून बसलेली स्कूटर पहिल्याच किकेत सुरू झाली, आणि माझं नाव घेतलेली ती आकृती उन्हाच्या झळांत विरघळत दिसेनाशी झाली. दारातली डोकी एकेक करून परत अंधारात गेली. मी बाभळीखाली एकटाच राहिलो. रुपेशला फोन करून सांगितलं, अवस संपली.

संध्याकाळी मेघाचा फोन आला.

"बाबांनी होकार दिला!"

मी खाटेवर उभा राहून नाचलो! खरंच नाचलो! पण तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्यांनी मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही दर शनिवारी हद्दीवर जाता. तुमच्यासाठी बाटली राखून ठेवतात. आणि आज तुम्ही भर उन्हात पाया पडून शपथ घेतली. बाबा म्हणाले, अंकित अन् नागसेन मुकाट निघून गेले, पण कबूल करायची हिंमत याच्यातच निघाली. मी ठरवलंय. मी तुम्हाला सांभाळून घेईन. सुधरवीन!"

"मेघा, अगं ऐक! तुझी शपथ, मी आयुष्यात एक थेंबसुद्धा घेतलेला नाही!"

ती फार मायेनं म्हणाली,

"हो हो. पिणारे सगळे असंच म्हणतात. बाबांनी सांगून ठेवलंय मला."