फुग्यावरचा अंगठा

शेजारच्या शामनानांनी चित्रकथेचं कात्रण दाखवायला घेतलं, की त्यांचा अंगठा आधी फुग्यावर जातो. फुगा म्हणजे चित्रातल्या माणसाच्या तोंडून निघतो तो, संवादाचा. त्यातली अक्षरं आपल्याला दिसू द्यायची नाहीत. आपण मान वाकडी करून वाचायला गेलो तर अंगठाही सरकतो. वर म्हणतात, “वाचू नगासा. बघा.”

नाना एसटीत कंट्रोलर होते. गाड्यांच्या पाट्या वाचून माइकवरून ओरडण्यात जन्म गेला. गगनबावडा, कोडोली, मलकापूर झोपेतसुद्धा म्हणतील. असा माणूस अक्षरांच्या मुळावर का उठावा, हे मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीला कधी कळलं नाही.

कात्रणं ‘आभाळातला टांगा’ची. नानांच्या लहानपणी एका वर्तमानपत्रात ती दर रविवारी यायची. ते वर्तमानपत्रही बंद पडून जमाना झाला. एक टांगेवाला, त्याचा घोडा आणि मागच्या सीटवर गाठोडं घेतलेली बाई. पहिल्या चौकटीत टांगा स्टँडवरून निघतो, मग आभाळात चढतो, ढगांच्या बाजारात नाहीतर मिरचीच्या झाडांच्या जंगलात भरकटतो आणि शेवटच्या चौकटीत परत स्टँडवर उतरायला लागतो. बस्स, एवढंच. पण नाना सांगायला लागले की चहा गार होतो.

“टांगा उडायच्या आधी घोड्याचा डावा कान बघ. पडलाय का न्हाई?” बघावं तर खरंच पडलेला. “आता शेवटची चौकट. टांगा अजून वरच हाय, पण सावली बघ, आधीच खाली येऊन थांबलीया. टांग्यापेक्षा सावलीलाच घरची वढ जास्त.”

गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला हे सगळं त्यांनी टाकी खांद्यावर असतानाच ऐकवलं. तो बिचारा मध्येच पासबुकाचं बोलला, तर म्हणाले, “चौकटीत या.” विषय सोडणाऱ्याला नाना हेच ऐकवतात. नळाला पाणी नाही म्हणून कुरकुरायला गेलेल्या माझ्या नवऱ्यालाही त्यांनी चौकटीत आणलं होतं. पाणी राहिलं बाजूला, हा कानाचं आणि सावलीचं ऐकून घरी आला.

गाठोडंवाल्या बाईपाशी पोचले की मात्र नानांचा आवाज उतरायचा. “ही म्हायेराला निघालीया. दर रविवारी निघती, आन् टांगा भलतीकडंच न्हेतो. पर गाठोडं बघ, एकदाबी सोडलेलं न्हाई. आशा सोडली न्हाई तिनं.” हे ऐकताना मलाही भरून यायचं. खोटं कशाला सांगू?

यंदा त्यांची थोरली बहीण मलकापूरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. पट्टी निघाल्यावर नाना माझ्याकडे आले. “सुनंदा, अक्काला चित्रं नीट दिसाय पायजेत. तिनंच कापून, खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवल्यात. मला वाचूनबी तिनंच दावलीत.” मला कुणी नुसतं सुचवलं तरी पुरे. पुठ्ठे उचलले, झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि सगळं मोठं करून आणलं.

तिथं उभ्या उभ्या फुगे पहिल्यांदा वाचले आणि कपाळावर हात मारला. बाई माहेरी कुठली निघालीय! ती टांगेवाल्याची बायको. गाठोड्यात धुणं. दर फुग्यात नवऱ्याच्या नावानं शिमगा, की उन्हं कलली, धुणं वाळायचं कधी?

“नाना,” मी दारातूनच सुरू झाले, “तुमची बाई धुण्याला चाललीय, धुण्याला.”

नानांनी आतल्या खोलीकडे बघितलं. अक्का आत पडली होती. ते उठले, मधलं दार लावलं. “हळू बोल.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?”

“दुसरीत हुतो तवापासनं.”

मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. वडलांचं चहाचं दुकान. अक्का तिथं कपबश्या विसळायची, शाळेत घातलीच नाही तिला. रविवारी शामूला मांडीवर घेऊन ती अक्षरांखालून बोट फिरवायची आणि ‘वाचायची’. त्याला ते खरंच वाटायचं. मग दुसरीत त्याला वाचता यायला लागलं. एका रविवारी तिचं बोट ‘धुणं’खाली होतं आणि तोंडात होतं माहेर. तिचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं.

“काय बोलू? अंगठा ठेवला त्या अक्षरांवर. त्यो अजून तितंच हाय,” नाना म्हणाले. “मला ठावं हाय, ह्ये तिला आजवर कळू दिलं न्हाई. आता तूबी कळू देऊ नगंस.”

आणि कपाटातून व्हाइटनरची बाटली काढून माझ्या झेरॉक्सवरचे सगळे फुगे त्यांनी पांढरे करून टाकले. मी एवढ्या हौसेनं केलेलं सगळं, जीव तुटला माझा. पण भांडणार कुणाशी?

दुसऱ्या दिवशी अक्का काळा चष्मा लावून बाहेरच्या सोप्यात बसली. नानांनी कागद तिच्या हातात दिला. “वाच की अक्का. मला आजकाल बारीक दिसत न्हाई.”

अक्कानं कागद जवळ धरला, लांब धरला. “ह्यातली अक्षरं कुटं गेली रं शाम्या?”

मी नानांकडे बघितलं.

“जुनी झाली. उडाली,” नाना म्हणाले.

“बरं झालं. मधी मधी येत हुती.”

आणि कोऱ्या फुग्याखालून बोट फिरवत ती वाचायला लागली. टांगेवाला म्हणतो, बाई बसा. बाई म्हणती, म्हायेर गाठून दे बाबा. कुठं अडखळणं नाही, थांबणं नाही. ढगांचा बाजार झाला, टांगा वळला, शेवटची चौकट आली. इथं टांगा नेहमीसारखा स्टँडवर यायला हवा. अक्काचं बोट थांबलं.

“हे स्टँड न्हवं. म्हायेरच हाय. पोचली की ती. ह्यो बघ, भाऊ आलाय न्ह्यायला.”

“कुटं?” नाना दचकले. घोड्याचा कानसुद्धा नजरेतून न सोडणारा माणूस, पण त्यांना ह्या चौकटीत कधी भाऊ दिसला नव्हता.

“ह्यो काय कोपऱ्यात. लहान हाय अजून.”

नानांनी चष्मा वर करून कागद नाकाशी नेला. बराच वेळ बघत राहिले. “व्हय की,” म्हणाले.

मीही वाकून बघितलं. मला तो झेरॉक्सच्या मशीनचा डाग वाटला. मी उठले आणि चहा टाकायला आत गेले.