साळूबाईचा बांबूचा वसा

एका चातुर्मासात मी नेम केला होता, की रोज एका तरी मुलाला गोष्ट सांगितल्याशिवाय जेवायचं नाही. आठवड्याभरात आळीतली पोरं मला पाहिलं की पळू लागली. पण नेम काही मोडला नाही हो. ही त्यातलीच एक गोष्ट. बसा, नीट मांडी घालून बसा. पळायचं नाही.

एका जंगलात बांबूची सात बेटं होती. सातव्या बेटाच्या मुळाशी बीळ करून साळूबाई राहायची. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण स्वभावानं अगदी मऊ. पदरात दोन पिल्लं, त्यांचे काटे अजून कोवळे.

त्या उन्हाळ्यात वाघमहाराजांना घामोळं आलं. भर दरबारात राजानं पाठ खाजवायची कशी? तेवढ्यात तरसराव आले. तरसराव कापडाचे व्यापारी. सदा हसतमुख. समोरचा रडत असला तरी हे हसतच.

"महाराज, हे बांबूचं कापड! मऊ, गार, घाम टिपणारं. आणि संपूर्ण नैसर्गिक. जंगल वाचवायचं असेल तर हेच वापरा."

"बांबूचं कापड होतं तरी कसं?"

"सोपं आहे. बांबू तोडायचा, कुटायचा, औषधात भिजवायचा. त्याचा लगदा झाला की चाळणीतून दाबायचा. सोऱ्यातून शेव पडते ना, तसे धागे पडतात."

"औषध कसलं?"

"तेही नैसर्गिकच, महाराज. आमच्या कारखान्याच्या निसर्गातलं."

महाराजांनी त्या कापडाचं उपरणं अंगावर घेतलं. खाज थांबली. महाराज हसले, म्हणून सगळं जंगल हसलं. मग काय! पाडसांना झबली, अस्वलाला बंडी, वानरमावशीला नऊवारी. शेपटीला वेगळा काठ. जंगल वाचवण्याच्या उत्साहात सहा बेटं तोडून झाली. ओढ्याला औषधाचा वास येऊ लागला. बेडूक बिऱ्हाड उचलून निघून गेले.

साळूबाई धावत दरबारात गेली. "महाराज, सातवं बेट तेवढं राहू द्या. त्याच्याखाली माझी लेकरं आहेत."

महाराज दयाळू होते. म्हणाले, "घाबरू नकोस. सगळ्यांना कपडे मिळालेत. आता हे कपडे फाटेपर्यंत तुझ्या बेटाला कुणी हात लावणार नाही. राजाचा शब्द."

साळूबाई आनंदानं परत फिरली. वाटेत ओढा लागला आणि तिचा आनंद तिथेच संपला. वानरमावशी नऊवारी दगडावर दणादण आपटत होती. आपटून झाली की करकचून पिळत होती. पिळून झाली की बोरीच्या काट्यांवर टाकणार होती. शेजारी अस्वलाची बंडी पडली होती, ती आठ दिवसांतच विरायला आली होती. राजाचा शब्द पंधरवडाभर टिकेल असं काही दिसेना.

बंडीच्या आत एक चिठ्ठी शिवलेली होती. साळूबाईनं ती वाचली. गार पाण्यात धुवा. इतर कपड्यांत मिसळू नका. पिळू नका. सावलीत वाळवा.

"मावशी, हे वाचलंत का? हे कापड पिळायचं नसतं."

"चिठ्ठ्या कुणी वाचतं का गं? मला टोचत होती, पहिल्याच दिवशी कापून टाकली. आणि तू मला धुणं शिकवणार? तुझ्या अंगावर चिंधी तरी टिकते का?"

साळूबाई घरी गेली. पिल्लं एकमेकांना टेकून झोपली होती. त्यांच्या उशाशी बसून तिनं चिठ्ठीतला शब्द न् शब्द आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ती पुन्हा ओढ्यावर जाऊन बसली.

"मावशी, कालपासून डोक्यात एकच घोळतंय. गार पाण्यात धुवायचं. दुसऱ्या कपड्याला शिवू द्यायचं नाही. वेगळं, सावलीत वाळत घालायचं. हे कशासारखं वाटतं हो?"

मावशीच्या हातातली नऊवारी गळून पडली. "अगंबाई! सोवळं!"

"मी काही म्हटलं नाही हो," साळूबाई म्हणाली. आणि खरंच तिनं काही म्हटलं नव्हतं.

"आणि पिळलं तर?"

"पिळू नका एवढंच लिहिलंय. पिळलं तर काय होतं ते लिहिलेलं नाही."

"लिहीत नसतात ते! काहीतरी भयंकरच असणार."

संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलानं बांबूचा वसा घेतला. चिठ्ठी कापून टाकणारी मावशी आता ती चिठ्ठी तोंडपाठ म्हणू लागली. वर स्वतःचा एक नियम जोडला, शनिवारी नेसायचं नाही. सशिणीनं सोमवार जोडला. हरिणीला मागे राहणं कसं जमणार? तिनं उरलेले पाचही वार जोडले. महिन्याभरात ठरलं, की कपडा सावलीत टांगून रोज नमस्कार करावा, त्यातच सर्वांत मोठं पुण्य.

महाराज उघड्या अंगानं सागाच्या बुंध्याला पाठ घासू लागले. थंडीत घामोळं आपोआप गेलं. श्रेय टांगलेल्या उपरण्याला मिळालं.

वर्षानं तरसराव आले. बरोबर कुऱ्हाडी होत्या. साळूबाईनं पिल्लांना पाठीशी घेतलं आणि काटे उभे केले.

"नवे रंग आलेत!" तरसराव हसत म्हणाले. "जुनं टाका, नवं घ्या."

"टाका?" वानरमावशी गरजली. "अहो, वसा आहे तो! उद्यापनाशिवाय टाकतात का कुणी?"

"मग उद्यापन करा की!"

"कापड फाटलं की करणार."

तरसरावांनी एकेक कपडा उलटून पाहिला. अस्वलाची विरलेली बंडीसुद्धा वर्षभरात आणखी एका धाग्यानंही विरली नव्हती. त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "राजाचा शब्द आहे. फाटेपर्यंत."

तरसरावांचं हसू जन्मात पहिल्यांदाच मावळलं. कुऱ्हाडी गुंडाळून ते पलीकडच्या जंगलात गेले. तिकडे वसे घेत नाहीत, व्यायाम करतात. कपडे लवकर फाटतात.

सातव्या बेटाला नवे कोंब फुटले. पिल्लांनी त्यातले दोन खाल्ले, तरी भरपूर उरले.

तात्पर्य : जंगल वाचवणारं कापड जरूर घ्यावं. फक्त घालू नये.

आता माझं एवढं ऐका, बाळांनो. घरी जाऊन आपला एक तरी सदरा निवडा. त्याच्या आतली चिठ्ठी वाचा, आणि तिच्यात लिहिलंय तसं मनापासून पाळा. पुण्य लागेलच. नाही लागलं, तर सदरा तरी टिकेल.