पिक्चरमधला मयत

आमच्या पुंडलिकनगरात नवा माणूस राहायला आला की रंगनाथकाका स्वतःची ओळख करून देतात, "मी रंगनाथ. पिक्चरमधला मयत." समोरचा गोंधळला की काका तिथंच कट्ट्यावर आडवे होऊन मरून दाखवतात. डोळे वर, जीभ बाहेर, एक पाय हलून थांबतो. मग उठून पँट झटकत म्हणतात, "मरणं सोपं नाय भाऊ. श्वास लई दाबून धरावा लागतोय."

काकांचं घरामागंच वेल्डिंगचं दुकान आहे. तिथं 'पत्रा' नावाच्या बँडनं एक संगीतपट काढला. ही मंडळी गिटारीबरोबर ग्राइंडर, हातोडे आणि लोखंडी पिंपं वाजवतात. मी एकदा ऐकलं, तेवढं पुरलं. काकांना मात्र ते फार पसंत. "जिंदगीभर हाच आवाज केला, कुणी टाळी वाजवली नाय," म्हणतात. सिनेमात एक यंत्र कामगाराला गिळतं. तो कामगार म्हणजे काका. रक्त बीटाचं.

सिनेमा लागायच्या आधीच मरणाचा तेवढा तुकडा फोनवरून फिरत काकांच्या गावी, देवगाव रंगारीला पोचला. भावकीनं तो खराच धरला आणि टेम्पो भरून माणसं मातीला आली. गल्लीच्या तोंडापासूनच बायकांनी गळा काढला. ओट्यावर भजी खात बसलेल्या काकांना वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी गेलं. खांद्यावर टॉवेल टाकून ते धावले, चुलतभावाच्या गळ्यात पडले आणि हुंदके देत म्हणाले, "कोण गेलं रं?"

"तूच की!" म्हणत चुलतभाऊ मटकन खाली बसला.

मग भावकी भडकली. जित्या माणसाला मारलं म्हणून गावात बैठक बसली, बँडला दम दिला गेला आणि सिनेमा गुंडाळला गेला. मला हसू आवरत नव्हतं, पण काका इरेला पेटले. लग्न असो की तेरावं, गाठतील त्या नातलगाला पटवायचे, "लागू द्या रं पिक्चर. मोठ्या पडद्यावर लागू द्या."

त्याच सुमारास मंदाकाकू, काकांची बायको, आजारी पडून गेल्या. दिवसकार्य झालं. मग पुन्हा तेच, "पिक्चर लागला पायजे." मला खरं सांगतो, तेव्हा त्यांचा रागच आला. एवढी कसली हौस?

गेल्या महिन्यात भावकी एकदाची हो म्हणाली. बँडचा गायक पेढे घेऊन आला आणि काकांच्या घरी आम्ही लॅपटॉपवर सिनेमा पाहिला. यंत्र जवळ येताच काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना रक्त बघवत नाही, बीटाचंही.

"भारी ना काका?" गायक म्हणाला. "फक्त शेवटचा एक शॉट कापून टाकला. त्यात काकू मधेच चहा घेऊन येतात ना, सगळी भीतीच जाते."

"व्हय," काका म्हणाले. "माझी बी जायची."

मग त्यांनी पेढ्यांचा बॉक्स बंद करून त्याच्या हातात दिला. "ती नाय तर मयत बी नाय. ऱ्हाऊ दे पिक्चर."

गायक गेल्यावर काकांनी तो कापलेला तुकडा, फोनमध्ये जपून ठेवलेला, मला दाखवला. "ह्याच्यात लई बारीक दिसती रं," ते म्हणाले. "मोठ्या पडद्यावर बघायची व्हती."

मी चष्मा पुसून पाहिलं. लाल थारोळ्यात काका पडलेत. काकू कपबशी घेऊन येतात, नवऱ्याकडं एकदा बघतात आणि म्हणतात, "उठा, चहा निवतोय."

आणि यंत्रानं गिळलेले काका मुकाट्यानं उठतात.