घेवरचंदशेठ आणि अनुदानाची शेवटची अट

विघ्नांचे निवारण करणाऱ्या श्रीगणेशास आणि वाणीला मर्यादा शिकविणाऱ्या शारदेस प्रथम वंदन करतो. आमच्या जालन्यातील महिला आश्रयगृह येत्या कार्तिकात स्वतःच्या नव्या वास्तूत जात आहे. त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेसाठी मी संस्थापकांविषयी चार शब्द लिहावेत, अशी तेथील भगिनींची इच्छा आहे. संस्थापक आज हयात नाहीत. असते, तर त्यांनी हा लेख माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला असता आणि मध्येच हात वर करून म्हटले असते, "शास्त्रीजी, लिहिलं बराबर. पर वजन कमी पडून राह्यलं."

घेवरचंदशेठ सरकारी कचेरीत जाताना स्वतःची खुर्ची घेऊन जात.

हे मी अलंकाराने सांगत नाही. हिरव्या रंगाची, लोखंडी, घडीची अशी ती खुर्ची होती. सायकलच्या मागे सुतळीने बांधून ते ती कचेरीपर्यंत नेत, साहेबांच्या टेबलासमोर उघडत, धोतर सावरून तिच्यावर बसत, नमस्कार करीत आणि मगच अर्ज पुढे सरकवीत. एका शिपायाने हरकत घेतली तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे समजावले, "उभ्यानं अर्ज देला की साहेबाला वाटतं, मागायला आला. बसून देला की वाटतं, बोलायला आला. मला बोलायचंय."

एकदा औरंगाबादच्या एस. टी.त वाहकाने खुर्चीचे सामानाचे भाडे मागितले. शेठजींनी ते तत्काळ दिले, आणि मग त्या खच्चून भरलेल्या गाडीत मधल्या वाटेवर खुर्ची उघडून तिच्यावर बसले. वाहक म्हणाला, "शेठ, वाटेत बसता येत न्हाई." शेठजी म्हणाले, "मी कुठं वाटेत बसलो? मी माझ्या सामानावर बसलोय. सामानाचं भाडं तू घेतलं." बदनापूर येईपर्यंत तो बिचारा त्यांना वळसा घालून तिकिटे फाडीत होता.

शेठजींचे पूर्वज राजस्थानातून आले, त्याला पिढ्या लोटल्या होत्या. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचे घर होते आणि मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचे दुकान. अंगकाठी इतकी सडपातळ, की वाऱ्याच्या दिवशी त्यांनी पगडी घालू नये असे वाटे. आवाज मात्र उभा जन्म लिलाव पुकारण्यात गेलेला. ते घरात पाणी मागत, तेव्हा रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून विचारी, "मला बोलावलं का?"

पत्नी निवर्तल्या. मुले पुण्यास बियाण्यांच्या व्यापारात स्थिरावली. एवढ्या मोठ्या घरात ते एकटेच उरले. जालना जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. अशा दिवसांत एका सकाळी शेवंताबाई नावाची स्त्री, नवऱ्याने डोके फोडलेल्या अवस्थेत, आगगाडीतून उतरली आणि त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. शेठजींनी मागच्या खोल्या उघडून दिल्या. हळूहळू पोलीस ठाण्यातूनच स्त्रिया येऊ लागल्या. ज्यांच्यावर गुन्हा घडला, खटला चालू झाला, परंतु ज्यांना घरी धाडणे म्हणजे पुन्हा त्याच हातांत देणे, अशा त्या स्त्रिया. शेवंताबाई स्वयंपाक पाहू लागल्या, आणि शेठजी पुढच्या खोलीत राहून दार राखू लागले.

संस्था नोंदवायला सात सह्या लागतात. सातवी सही माझी. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे, यापलीकडे माझी कोणतीही पात्रता नव्हती. चिटणीस मलाच का केले, असे विचारले असता शेठजी म्हणाले, "तुमचं मराठी साहेबाला कळणार न्हाई. भिऊन मंजूर करून टाकंल."

साहेब भ्याले नाहीत, हे प्रथमच सांगून टाकतो.

शेठजींना 'पीडित' हा शब्द सहन होत नसे. शासनाच्या छापील अर्जात तो जागोजागी होता. "आपल्या घरी पीडित कोन्ही न्हाई, शास्त्रीजी. पाहुण्या हायेत. तसंच लिहा." मी 'पाहुण्या' या शब्दाला थोडी प्रतिष्ठा यावी म्हणून 'अतिथी' असे लिहिले, वास्तूस 'अतिथिगृह' म्हटले आणि आतिथ्यधर्माच्या महतीवर एक लांब परिच्छेदही जोडला. दोन पावसाळे उलटल्यावर उत्तर आले: आपला प्रस्ताव पर्यटनाशी संबंधित असल्याने तो योग्य त्या खात्याकडे वर्ग करण्यात आला आहे, खोल्यांचे दर आणि जवळची प्रेक्षणीय स्थळे कळवावीत.

शेठजींनी ते पत्र दोनदा ऐकले. "प्रेक्षणीय काय हाय आपल्याकडं?" त्यांनी शेवंताबाईंना विचारले. त्या पिठात हात घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमीच हायेत, काका."

दुसरा अर्ज मी शासनाच्या शब्दांत लिहिला. शेठजींनी सही केली, पण सही करताना डोळे मिटून घेतले.

तोवर हसण्याचे दिवस संपले होते. पुण्याच्या मुलांनी स्पष्ट कळविले होते, की दुकानातून हा खर्च यापुढे निघणार नाही. मार्चअखेर अनुदान न आल्यास घर एका बियाणे कंपनीला कार्यालयासाठी भाड्याने द्यावे लागेल. मुले वाईट नव्हती. व्यापारी होती. शेठजींनीच तसे घडविले होते.

त्या वेळी घरात कावेरी होती. तीर्थपुरीकडच्या एका गावातली, लग्नाच्या वयाची मुलगी. तिच्या बाबतीत काय घडले ते मी लिहिणार नाही. तिने ते न्यायालयात एकदा सांगितले आहे, तेवढे पुरे आहे. ज्याने ते केले तो जामिनावर सुटून तिच्याच गल्लीत राहत होता. घर बंद झाले तर तिला त्या गल्लीवाचून दुसरी वाट नव्हती. हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, म्हणून कोणी बोलत नसे.

फाल्गुनात औरंगाबादहून तपासणीसाठी साहेब आले. तरुण होते, नियमाला धरून चालणारे होते. दारात येताच त्यांनी विचारले, "संस्थेची पाटी कुठे आहे? दर्शनी भागावर पाटी हवी."

शेठजींनी त्यांना आतल्या चौकात नेले. पाटी तेथे होती, तुळशीवृंदावनासमोर, स्वयंपाकघराकडे तोंड करून.

"पाटी आत?"

"बाहेर लावली तर ज्याच्यापासून लपली तोच पत्ता वाचून येईल. आतल्या बायांनी वाचावं, आपण कुठं हाओत ते. बाहेरच्याला काय करायचं?"

साहेबांनी काहीतरी लिहिले. "बरं, लाभार्थी दाखवा. एका रांगेत उभ्या करा, म्हणजे संख्या पडताळता येईल."

"दाखवायला त्या काय गुळाच्या ढेपा हायेत?"

"शेठ, नियम आहे."

"पंगत उठली की ताटं मोजा. तोंडं मोजू नका."

"ताटं काय बोलतात?"

"तोंडं तरी कुठं बोलून राह्यली, साहेब? तुमच्यासमोर मीच एक बोलून राह्यलोय."

साहेब चिडले. शेठजी त्याहून चिडले. मोंढ्यातला आवाज लागला. मी दोघांच्या मध्ये उभा राहून शांतिपाठाला शोभेल असे काहीतरी बोलत होतो, ते कोणीच ऐकत नव्हते. तेवढ्यात आत भांडी कोसळल्याचा मोठा आवाज झाला.

शेवंताबाई पदर सावरीत बाहेर आल्या. "काका, जरा हळू बोला. कावेरी पुन्हा भिंतीला चिकटली."

"कोन वरडलं तिच्यावर?" शेठजींनी त्याच आवाजात विचारले.

शेवंताबाई खाली पाहत म्हणाल्या, "कोन्ही न्हाई. तुमीच बोलून राह्यले."

"म्हंजे?"

"गडी माणसाचा आवाज आला की तिच्या हातातलं पडतंय. तुमी पाणी मागितलं तरी."

"रोज?"

"रोज."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"घर तुमचं हाय, काका. कसं सांगावं?"

शेठजी हळूच खाली बसले. साहेबांनीही पेन खिशात ठेवले. पुढे त्या दिवशी त्या घरात मोठ्याने कोणी बोलले नाही. जेवणे उरकल्यावर साहेब मोरीपाशी गेले, धुऊन उपडी घातलेली ताटे त्यांनी मोजली, आणि तो आकडा लिहून सही केली. निघताना त्यांनी शेठजींना नमस्कार केला, तोही न बोलता.

त्यानंतर शेठजी कुजबुजू लागले. घरात ठीक होते, पण त्यांना दोन आवाज ठेवता येईनात. मोंढ्यातही ते कुजबुजतच. लिलावात गिऱ्हाइके कानाशी हात नेऊ लागली. शेजारच्या अडत्याने ज्येष्ठमध आणून दिले, दुसऱ्याने डॉक्टरांचे नाव सुचविले. एका जुन्या शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, "शेठला घाटा आलाय का? भाव सांगताना चोरावानी सांगून राह्यले."

मार्च सरता सरता मंजुरीचे पत्र आले. अनुदान मिळणार होते, मात्र काही अटींवर. मी ओट्यावर बसून एकेक अट वाचू लागलो, आणि शेठजी हळू आवाजात, परंतु जुन्याच जोमाने, एकेकीशी भांडू लागले. आगीसाठी वाळूच्या बादल्या? "इथं चुलीला लाकूड पुरत न्हाई, आग कुठून लागंल?" प्रत्येक खोलीत पंखा? "मंग लाइट बी त्यायलाच पाठवायला सांगा." अधीक्षिका म्हणून शिकलेली बाई? "शेवंतापेक्षा शिकलेली? बरं, येऊ द्या. शेवंता शिकवंल तिला."

शेवटची अट अशी होती, की वास्तूत कोणाही पुरुषाचे वास्तव्य असू नये.

मी वाचून थांबलो.

"पुढं वाचा," शेठजी म्हणाले.

"पुढे काही नाही, शेठजी."

"मंग सही कुठं करू?"

मी म्हणालो, "घर आपले. वय आपले एवढे. संस्थापक म्हणून अपवाद करावा, असे मी लिहितो. या वेळी अगदी साध्या मराठीत लिहितो."

"बिलकुल लिहू नका." त्यांनी पत्र माझ्या हातून घेतले. "बाकीच्या अटी लिहिणारानं घर पाह्यलेलं न्हाई. ही अट लिहिणारानं पाह्यलंय."

त्यांनी सही केली. या वेळी डोळे उघडे होते.

ते अडतीच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेले. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये एक खाट, एक तांब्या आणि भिंतीवर पत्नीचे छायाचित्र, एवढाच संसार. मी अधूनमधून जात असे. एके दिवशी ते आपण होऊन म्हणाले, "शास्त्रीजी, मी इतक्या मोठ्यानं का बोलत होतो, सांगू? आमची बाई गेल्यावर घर लई रिकामं झाल्तं. मोठ्यानं बोललं की वाटायचं, कोन्ही तरी ऐकून राह्यलंय. मंग ह्या आल्या. खरंच ऐकू लागल्या. मला काय ठाऊक, कशा ऐकून राह्यल्यात ते."

इतकी वर्षे सांत्वनाची वचने पाठ केली, त्यांतील एकही त्या खोलीत उपयोगी पडेना.

संध्याकाळी ते भाजीची पिशवी घेऊन घराच्या ओट्यापर्यंत जात, कडी वाजवीत, पिशवी ठेवीत आणि रस्त्यावर उतरून उभे राहत. शेवंताबाई दार उघडून पिशवी आत घेत. नव्या अधीक्षिकाबाई भल्या होत्या, त्यांनी अनेकदा सांगितले, "शेठकाका, अट राहण्याची आहे, येण्याची नाही. दिवसा आत या." शेठजी हात जोडून म्हणत, "इथूनच बरं हाय, बाई."

पुढे खटल्याचा निकाल लागला आणि त्या माणसाला शिक्षा झाली. कावेरी एका बियाणे कंपनीत दाणे निवडायला जाऊ लागली, राहत मात्र आश्रयगृहातच होती. अशाच एका संध्याकाळी मी शेठजींबरोबर होतो. त्यांनी कडी वाजविली, पिशवी ठेवली, आणि आम्ही दोघे रस्त्यावर उतरलो. दार उघडले. शेवंताबाई नव्हत्या. कावेरी होती.

तिने दाराचे एकच कवाड उघडले होते. नजर खाली होती. "मावशी गिरणीवर गेली," ती म्हणाली. तिने पिशवी उचलली. शेठजी, जणू आपला श्वाससुद्धा तिला लागू नये अशा बेताने, आणखी मागे सरले.

दार लागले नाही. ती तशीच उभी होती. मग तिने विचारले, "काका, जेवले का?"

जिल्ह्यातील प्रत्येक टेबलावर उत्तर देऊन आलेल्या त्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर लवकर सुचेना. पत्नी गेल्यापासून हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, हे मला तेव्हा उमगले. शेवटी ते म्हणाले, "न्हाई, बेटा. अजून न्हाई."

ती आत गेली. परत आली ती वाढलेले ताट घेऊन. ताट ओट्यावर ठेवले, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत वळली. दुसरे कवाडही तिने उघडून ठेवले होते. शेठजी आपल्याच घराच्या ओट्यावर पाहुण्यासारखे अंग आवरून बसले आणि जेवू लागले. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला, "भाकर अजून देऊ का?" मी स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण कोणी सुखाने जेवत असता त्याच्या मुखाकडे पाहू नये.

वाचकहो, जगन्नियंता आपणांस आणि आपल्या गृहास सदैव सुखरूप ठेवो. आपल्या घरात भयाने कोणाच्या हातून भांडे न पडो. आपल्या दारी थकून आलेल्यास आसरा लाभो, आणि दिवेलागणीच्या वेळी आपण जेवलात की नाही, हे विचारणारे एक तरी माणूस आपणांस अखेरपर्यंत लाभो. तथास्तु.